अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

सौंसरच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंचा आणि गणिताचा संबंध पाचवीतच संपला, आणि त्याबद्दल त्यांना कधी वाईट वाटलेलं नाही. मी पांढुर्ण्याच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्याबद्दल मात्र त्यांना वाईट वाटतं. "काय वो बाई, जिंदगीभर तेच ते," असं त्या माझ्या तोंडावर म्हणतात. तेव्हा आमच्या घराण्यातला सगळ्यात मोठा आकडा त्यांनी काढला आणि निस्तरावा लागला मला, हे रीतीला धरूनच झालं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. नागपूरच्या दवाखान्यात आठ दिवस नुसतं अं-अं चाललं होतं. नवव्या दिवशी जीभ सुटली, आणि सुटल्या सुटल्या पहिलं वाक्य नवसाचं. उशाशी दोघी सुना होत्या, मीही होते. तोंड जरा वाकडं होतं, पण आकडा लख्ख. "माह्या पायानं चालली न, त जामसावलीच्या मारुतीले अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा राम लिहून वाहीन."

आमच्याकडे शगुनाच्या आकड्यावर एक चढवायचाच असतो. अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक. पुरा आकडा म्हणजे संपलेला आकडा, असं म्हणतात. ते सगळं ठीक. पण माझ्यातली मास्तरीण दवाखान्यातही गप्प बसेना. मी म्हटलं, "ताई, एकशे एक म्हणा, हजार एक म्हणा. हे केवढं मोठं काढलं?" त्यांनी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला ही एक बरी सोय असते.

पोळ्याच्या आठवड्यात त्या काठी टेकत दारापासून तुळशीपर्यंत स्वतः चालल्या. झालं, नवस फळला. पाय आला, हात मात्र आला नाही. त्या हातात चमचा ठरत नव्हता, तर पेन कुठून ठरणार? मोठा मुलगा जामसावलीला जाऊन तिथल्या महाराजांना विचारून आला. महाराज म्हणाले, घरच्या बायांनी लिहिलं तरी चालते, पण ज्यानं नवस बोलला त्याच्या हातचा एक तरी राम त्यात पाहिजे. सगळ्यांनी हुश्श केलं. जाऊबाईंनी केलं नाही. त्या आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसल्या होत्या.

मग बाया जमवल्या. अकरा जणी, अर्थातच शगुनाच्या. दोन सुना, लोधीखेड्याला दिलेली लेक, गल्लीतल्या सात, त्यात एक बोरगावच्या कंपनीत कामाला जाणारी, आणि मी. माझी देवावर फार भिस्त आहे म्हणून नव्हे, हिसाबाला कोणीतरी पाहिजे म्हणून.

"अकरा जनीत वाट," जाऊबाईंनी हुकूम सोडला.

मी भागाकार मांडला. प्रत्येकी एक लाख एक हजार दहा. बाकी एक.

"एक कसा काय उरला?"

"उरला."

"नीट भाग दे न वो."

बत्तीस वर्षं भागाकार शिकवलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागतं! मी पुन्हा मांडला. एक. एकीला कमी करून दहा जणींत वाटलं, एक उरला. सात जणींत, एक. दोघी वाढवून तेरा केल्या, एक. पंधरा, एक. एकवीस, तरी एक. मोठी सून माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "काकू, पेन त बिघडला नाही न तुमचा?"

पेन बिघडला नव्हता, आकडाच तसा होता. त्यातून एक काढला की राहतात अकरा लाख अकरा हजार एकशे दहा, आणि हा आकडा भलता गुणाचा. त्याला दोनानं भाग जातो, तीनानं जातो, पाचानं, सातानं, अकरानं, तेरानं, सदतिसानंसुद्धा जातो. कोणी येऊन वाटणी मागा, हा नाही म्हणत नाही. नऊ जणी आल्या तर मात्र अडतो, पण तेवढं चालायचंच. आणि त्याच्यावर तो शगुनाचा एक चढवला, की ह्यांच्यापैकी एकाही आकड्याला तो दाद देत नाही. दर वेळी एक बाजूला काढून ठेवतो. मी हे पाटावर बसून सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि कोणाला काही कळलं नाही हे मला वर्गाच्या सवयीनं लगेच कळलं.

"म्हणून म्हणते," मी म्हटलं, "तो वरचा एक सोडून द्या. वाटणी कशी झकास होते. आणि जामसावलीचा मारुती तर आडवा झोपलेला. एका रामासाठी तो काय उठून मोजायला बसणार आहे?"

"झोपला हाय, बहिरा नाई झाला," जाऊबाई म्हणाल्या. "अन तो एक सोडाचा नाई. तो माहा हाय. महाराजांनी सांगितला तो."

वाटणी लागली ती अशी, अकरा जणींचे प्रत्येकी एक लाख एक हजार दहा, आणि जाऊबाईंचा एक. आकड्यानंच त्यांच्यासाठी जागा काढून ठेवली असं सगळ्या बाया म्हणायला लागल्या. मी म्हटलं, आकडे कोणासाठी काही काढून ठेवत नसतात. कोणी ऐकलं नाही.

पण घरी आल्यावर तो आकडा काही माझ्या डोक्यातून जाईना. मला छळत होतं ते हे, की ह्याला कोणानंच भाग जात नाही, की कोणीतरी आहे? मी जुनी डायरी काढली आणि एकेक मूळ संख्या घेऊन भागत सुटले. सतराला आठ उरले, एकोणिसाला दहा, तेविसाला चार. तीन दिवस हेच. भाजी दोनदा लागली. आमचे हे म्हणाले, "मोबाइलमध्ये टाक न, एका सेकंदात सांगते तो." मी म्हटलं, "स्वयंपाकही मोबाइलमध्येच टाकते मग उद्यापासून." ते गुपचूप करपलेली भाजी जेवले. एकावन्न मूळ संख्या हात हलवत परत गेल्या, आणि बावन्नावी घुसली. दोनशे एकोणचाळीस! दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. ह्या दोघांशिवाय त्या आकड्याच्या घरात दुसरं कोणी नाही. मला इतका आनंद झाला की मी लगोलग सौंसरला फोन लावला.

"ताई, सापडलं! दोनशे एकोणचाळीस बाया आणल्या, तर प्रत्येकीला चार हजार सहाशे एकोणपन्नास राम येतात. बाकी काहीच उरत नाही!"

पलीकडून, "माय वो, तेवढ्याईचा चहा कोन करन? अन बाकी नाई उरली त मंग मी काय लिहू?"

मी डायरी मिटली आणि फोन ठेवला.

चौकटीच्या जाड कॉप्या आणल्या. आमच्याकडे वहीला कॉपीच म्हणतात. प्रत्येक पानावर आडव्या चौदा आणि उभ्या पंधरा चौकटी आखून दिल्या, म्हणजे पानाला दोनशे दहा राम. एक लाख एक हजार दहाला दोनशे दहानं भागा, येतात बरोबर चारशे एक्क्याऐंशी पानं. एकही पान अर्धवट नाही! ह्याचं कौतुक कोणी केलं नाही ते नाहीच. मी प्रत्येकीच्या कॉपीत ४८१ पर्यंत पानांना आकडे घालून दिले आणि बजावलं, दिवसाला तीन पानं, हनुमान जयंतीच्या आत संपवायचं.

मग दर महिन्याला माझी तपासणी. एकीचे राम पहिल्या पानावर चौकट भरून, शंभराव्या पानावर मुंगीएवढे. दुसरीचे सकाळचे राम सरळ आणि दुपारचे झोपाळू. बोरगावच्या बाईनं तर कहर केला. ती आधी ओळभर रा रा रा लिहायची, मग परत येऊन म म म भरायची. मी म्हटलं, "हे काय, कंपनीत माल भरून राहिली का तू?" तर म्हणते, "मॅडम, लवकर होते न." तक्रार जाऊबाईंकडे गेली. त्यांनी निकाल दिला, "रामाले जोडता येते." म्हणजे विषय संपला.

माझं विचाराल तर मला भक्ती वगैरे काही झाली नाही. बोट दुखलं तेवढं. पण लिहिता लिहिता कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहून जायचं, आणि माझ्यासारखीच्या बाबतीत हे काही थोडंथोडकं नव्हे.

जाऊबाईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. लकवा झाल्यापासून त्यांच्या हातात कोणी काही राहू दिलं नव्हतं. भाजी निवडायला घेतली की सून येऊन थाळी उचलायची, "आई, तुम्ही बसा न." वाती करायला घेतल्या की लेक घ्यायची. चहाचा कपसुद्धा कोणीतरी ओठाला लावायचं. मीही त्यातलीच. गेले की आधी त्यांच्या पदराची पिन मी लावायची, त्यांनी सांगितलं नसलं तरी. पूर्वी ह्या बाईनं पन्नास माणसांचं जेवण एकटीनं रांधलेलं आम्ही पाहिलंय. आता त्या दिवसभर खुर्चीत बसून राहायच्या आणि सगळ्यांना म्हणायच्या, "हो बाई, बसली."

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी सौंसरला गेले. त्या मागच्या खोलीत होत्या. उशीच्या खालून पाटीची कड दिसली म्हणून मी ओढली, तर त्या गडबडीनं म्हणाल्या, "ठेव ते." पण मी पाहिलं होतं. पाटीभर रेघा होत्या. काही आडव्या गेलेल्या, काही घसरून खाली उतरलेल्या. चार महिने त्या रोज दुपारी सगळ्या झोपल्या की उजव्या हाताच्या मुठीत पेन्सिल धरून बसत होत्या. डाव्या हातानं लिहायला तयार नव्हत्या. "जो पडला, त्याच हातानं," असं त्यांचं. आणि चार महिन्यांत त्या पाटीवर राम तर सोडाच, साधा काना उभा राहिला नव्हता.

मला रडूच आलं एकदम. मी ते नाक शिंकरण्यात घालवलं. परतीच्या बसमध्ये मी ठरवून टाकलं, की ह्यांच्यानं हे होणार नाही. आणि मग नवस एका रामानं अपुरा राहील आणि ही बाई आयुष्यभर ते मनाला लावून घेईल. माझी पानं संपत आली होती. चारशे एक्क्याऐंशी भरलं, पान उलटलं, आणि पुढच्या बिनआकड्याच्या कोऱ्या पानावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, मी एक राम जास्तीचा लिहिला. कोणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, मारुतीराया, आमच्या दोघांत राहू दे.

जयंतीच्या चार दिवस आधी, गर्दी टाळून, जायचं ठरलं. सकाळी सगळ्या कॉप्या सौंसरला जमा झाल्या. मी चष्मा लावून तपासायला बसले, बाकीच्या भोवती. जाऊबाई खुर्चीत, मांडीवर एक नवी कोरी कॉपी घेऊन. आपला एक मंदिरातच लिहायचा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

मोठ्या सुनेची कॉपी उघडली. चारशे एक्क्याऐंशी पान भरलेलं. सवयीनं पान उलटलं, तर मागं वरच्या डाव्या कोपऱ्यात एक राम.

मी तिच्याकडे पाहिलं. ती छताकडे पाहायला लागली.

लहान सुनेची उघडली. तिथंही. लेकीची. तिथंही. बोरगावच्या बाईनंसुद्धा ह्या एकाच ठिकाणी रा आणि म एकदमच लिहिला होता. मी एकेक कॉपी उघडत गेले आणि प्रत्येकीत शेवटच्या कोऱ्या पानावर तो एकटा राम बसलेला. दहाच्या दहा! आणि अकरावी कॉपी माझी होती, ती मी उघडलीच नाही. पण लेकीनं ती माझ्या हातातून घेतली आणि उघडून सगळ्यांना दाखवली. सगळ्या एकदम हसायलाच लागल्या. "अवो, तू बी?" "मले वाटलं मीच एकटी!" "मॅडमनं त म्हटलं होतं एकानं काही होत नाही!" मलाही हसू आवरेना. अकरा बाया, एकीच्याही पोटात एक गोष्ट राहत नाही म्हणून प्रसिद्ध, आणि ह्या वेळी सगळ्यांनी ठेवली होती.

"काय झालं?" जाऊबाईंनी विचारलं.

कोणीतरी सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. मांडीवरची कोरी कॉपी त्यांनी डाव्या हातानं मिटली. "म्हनजे," त्या म्हणाल्या, "तुमाले सगळ्याईले वाटलं, माह्यानं एक बी होनार नाई."

असं काही नाही हो आई, असं म्हणायला मोठ्या सुनेनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण अगदी तसंच होतं. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. अकरा लाखांत त्यांनी एकच मागितला होता, आणि तो आम्ही अकरा जणींनी मिळून पळवला होता, मायेनंच.

लेक म्हणाली, खोडून टाकू. रामाचं नाव कोण खोडणार? मग पान फाडू. फाडायला कोणी हात पुढं करेना. मी आयुष्यभर वजाबाकी शिकवली, आणि इथं एकातून एक वजा करायची सोय नव्हती.

शेवटी जाऊबाई मला म्हणाल्या, "किती झाले सगळे?"

"अकरा लाख अकरा हजार एकशे एकवीस."

"हे काही मी बोलली नव्हती." मग, "आता पुढं तसा आकडा कोनता येते? सगळे एकच एक वाला?"

"एक कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा."

"मंग तिथपर्यंत जायले किती पाहिजे?"

मी कागदावर मांडलं. "नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वद."

"ते मी लिहिन," त्या म्हणाल्या. "एकटी. अन ह्याच्यात कोनी हात लावला न, त पाहा मंग."

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. मला राहवलं नाही, मी तिथल्या तिथं भागाकार केला. "ताई, रोज एक लिहिला तर सत्तावीस हजार वर्षं लागतात. वर आणखी तीनशे सत्त्याण्णव."

"तुले मोजाचं हाय, मोज. मले लिहाचं हाय."

दुपारी जामसावलीला पोचलो. अकरा जणींच्या कॉप्या वाहून झाल्या. मग मंडपात एका बाजूला सतरंजी टाकली, जाऊबाईंना भिंतीला टेकवून बसवलं. मी विचारलं, "चौकट आखून देऊ?" त्या म्हणाल्या, "नको. मावनार नाई." उजव्या मुठीत पेन्सिल धरली. आम्ही अकरा जणी भोवती बसलो, आणि सांगते, सहा महिने एक लाख राम लिहिणं सोपं होतं, हे बघत नुसतं बसणं कठीण होतं. पेन्सिल पडली. त्यांनी उचलली. पुन्हा पडली, घरंगळत माझ्या पायाशी आली. मी हात मागं बांधून बसले होते. त्या वाकल्या, डाव्या हातानं चाचपून त्यांनी ती घेतली. र अर्धा झाला आणि मनगट लुळं पडलं, तेव्हा मोठ्या सुनेचा हात आपोआप पुढं गेला. मी बत्तीस वर्षांत एकाही पोरीला मारलं नाही. त्या दिवशी मारुतीसमोर सुनेच्या हातावर फट्कन दिली.

किती वेळ गेला ते मी, मीसुद्धा, मोजलं नाही. काना उभा राहिला, जरा कलता. म खाली उतरत उतरत पानाच्या कडेला पोचला. सगळं पान त्या एकानं खाल्लं. जाऊबाईंच्या कपाळावरून घाम चालला होता आणि तो पुसायला कोणी पुढं झालं नाही. त्यांनी स्वतःच पदरानं पुसला.

"किती राहिले?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, "नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे एकोणनव्वद."

"मस्त," त्या म्हणाल्या, आणि पान उलटलं. "मले भेव वाटत होतं, संपून त नाई जाईन."